एक दिवा, एक पुठ्ठा

लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो हवा असतो, किंवा आजींच्या पंच्याहत्तरीनिमित्त भिंतीवर लावायला. घरात बऱ्यापैकी मोबाइल असतो, काढणाऱ्याचा हातही स्थिर असतो. तरी फोटो पाहिल्यावर कोणीतरी विचारतंच, ‘‘स्टुडिओत काढतात तसा हा का दिसत नाही?’’ पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘‘चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?’’

कॅमेरा घ्यायची गरज नाही. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल या कामाला पुरतो. स्टुडिओवाल्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतो तो प्रकाशावरचा ताबा. प्रकाश कुठून यावा, किती मोठ्या जागेतून यावा, किती जवळून यावा, हे तो ठरवतो. घरी ते छताजवळची ट्यूबलाइट ठरवते. एक एलईडी दिवा, एक मोठा पांढरा पुठ्ठा, थोडा बटर पेपर आणि एक काळं कापड एवढ्या सामानात हा ताबा बऱ्याच अंशी मिळवता येतो. ते आधी पाहू आणि मग रिटचिंगकडे येऊ. दोन्ही विषय एकाच प्रकरणात घेतले आहेत, कारण माझ्या मते ते एकाच कामाचे दोन टप्पे आहेत. सुरकुती, डोळ्यांखालची पिशवी, मुरमाचा उंचवटा हे सगळं फोटोत उमटतं ते सावलीच्या रूपात. दिवा ती सावली फोटो काढण्याआधी कमी करतो, रिटचिंग नंतर करतं. आधी केलेलं काम दोन मिनिटांचं असतं, नंतरचं दोन तासांचं.

१. सावली येते कुठून?

भिंतीला पुट्टी लावून झाली की रंगारी पेटता बल्ब हातात घेऊन भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतो. समोरून सपाट वाटणारी भिंत लगेच आपले खड्डे दाखवू लागते आणि पॉलिश पेपर अजून कुठे मारायचा ते त्याला कळतं. भिंत तीच, बल्बही तोच. बदलला फक्त कोन. प्रकाश पृष्ठभागाला घासत आला की प्रत्येक बारीक उंचवट्याच्या पलीकडे सावली पडते. समोरून आला की ती सावली उंचवट्याच्या मागे, पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी जाते.

त्वचेचंही हेच आहे. छतावरची ट्यूब कपाळावरून घासत खाली येते, म्हणून आठ्या दिसतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. मोबाइलचा फ्लॅश याच्या उलट टोकाला. तो लेन्सला लागूनच असतो, त्यामुळे सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि त्यांच्याबरोबर नाकाची उंची आणि गालाचा गोलवाही जातो. आपल्याला यांच्या मधलं काहीतरी हवं असतं: चेहऱ्याची घडण दिसेल एवढी सावली आणि त्वचेची रंध्रं मोजता येणार नाहीत एवढा समोरचा प्रकाश.

इथेच एक फरक लक्षात ठेवायला हवा, पुढे रिटचिंगमध्ये तो कामाला येईल. चेहऱ्यावरच्या खुणा दोन प्रकारच्या असतात. काही उंचसखलपणामुळे दिसतात, जशा सुरकुत्या. काही रंगामुळे दिसतात: तीळ, वांग, मुरमाची लाली. पहिल्या प्रकारावर दिव्याची मात्रा चालते, दुसऱ्यावर चालत नाही.

२. मोठा दिवा, मऊ सावली

भर दुपारच्या उन्हात सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते. सूर्य एवढा मोठा, मग असं का? सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. भागाकार केला तर आपल्यापुरता तो एक मीटरवरच्या एका सेंटिमीटरच्या ठिपक्याएवढाच उरतो. प्रकाश एका ठिपक्यातून आला की चेहऱ्याच्या प्रत्येक बिंदूला तो एक तर पूर्ण मिळतो किंवा अजिबात मिळत नाही. ढग आले की सगळं आकाशच दिवा होतं. नाकाच्या आडोशाला असलेल्या बिंदूलाही त्या मोठ्या दिव्याचा काही भाग दिसतो, तेवढा प्रकाश तिथे पोचतो आणि सावलीची कड विरघळते.

म्हणजे मऊपणा ठरतो तो चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर. वॅटचा त्याच्याशी संबंध नाही. प्रकाश पसरवणारी तीन फुटी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर मोठा असतो. तोच बारा फुटांवर नेला की चौपट लहान होतो आणि सावल्या कडक होतात. ‘डोळ्यांवर येतोय’ म्हणून दिवा मागे ढकलायची आपली सहजप्रवृत्ती असते, ती इथे नडते. दिवा जवळच ठेवा आणि हवं तर त्याची तीव्रता कमी करा.

घरगुती सोय अशी. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर ताणून बांधा किंवा दोन बाय तीन फुटांच्या लाकडी चौकटीवर बटर पेपर चिकटवा. मुंबईच्या फिल्मी सेटवरही प्रकाश मऊ करायला बटर पेपर सर्रास वापरतात, त्यामुळे यात कमीपणा वाटायचं कारण नाही. दिवा या पडद्यामागे हातभर अंतरावर ठेवा. अगदी चिकटवून ठेवलात तर मधोमध एक गोळाच उजळेल आणि तुमचा दिवा त्या गोळ्याएवढाच राहील. पूर्ण पडदा उजळायला हवा. जुना हॅलोजन मात्र यासाठी वापरू नका. तो इतका तापतो की कागद पेट घेऊ शकतो.

दिवा विकत घेताना खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा पाहावा. दिव्याच्या प्रकाशात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात याची ती १०० पैकी गुणपत्रिका आहे. ९० च्या वरचा दिवा घ्यावा. स्वस्तातल्या दिव्यांत तांबडा अंश कमी पडतो आणि चेहरा आजाऱ्यासारखा हिरवट-पांढरा येतो. फोटो काढताना खोलीतले बाकीचे दिवे बंद ठेवावेत. घरातल्या पिवळ्या बल्बचा आणि खिडकीतल्या उजेडाचा रंग वेगळा असतो. अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळसर झाला तर तो सरळ करणं हे रिटचिंगमधलं सर्वांत कटकटीचं काम आहे. आपल्याकडे भिंती पोपटी, गुलाबी रंगवायची हौस असते. जवळची रंगीत भिंत आपला रंग चेहऱ्याच्या सावलीत पाठवते, म्हणून त्या बाजूला एक पांढरी चादर टांगावी.

आणि दिवाच नसेल तर? खिडकी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा स्टुडिओत विजेचे दिवे नव्हतेच. काचेचं छप्पर आणि काचेची भिंत, तीही शक्यतो उत्तरेकडची, ही एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओची मुख्य यंत्रणा होती. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा सौम्य प्रकाश येतो आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. हा नियम युरोपात बहुतांशी चालतो. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊनही उत्तरेच्या खिडकीत शिरतं. त्या काळातला बराचसा भाग पावसाळ्यात जातो, ढगच बटर पेपरचं काम करतात, हे आपलं नशीब.

३. अंतराचं गणित

लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. तिप्पट केलं की एक नवमांश. तोच प्रकाश जास्त मोठ्या क्षेत्रावर पसरतो, लांबीतही आणि रुंदीतही, म्हणून हा वर्गाचा हिशेब. मोठ्या पडद्याला अगदी जवळून हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतं.

याचा खरा उपयोग मागच्या भिंतीसाठी होतो. समजा चेहरा दिव्यापासून १ मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्याच्या मागे १ मीटर, म्हणजे दिव्यापासून २ मीटरवर. भिंतीवर चेहऱ्याच्या पाव पट प्रकाश पडेल आणि पांढरी भिंत फोटोत करडी दिसेल. आता दिवा मागे घ्या: चेहऱ्यापासून ३ मीटर, भिंतीपासून ४. आता भिंतीवरचा प्रकाश चेहऱ्याच्या नऊ-सोळांश, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. भिंत उजळली. काहीही न रंगवता आणि कुठलाही पडदा विकत न घेता एकाच भिंतीचे दोन रंग मिळाले. गडद पार्श्वभूमी हवी असेल तर दिवा चेहऱ्याच्या जवळ आणि माणूस भिंतीपासून शक्य तेवढा लांब. माणसाला भिंतीला पाठ टेकवून बसवणं ही घरगुती फोटोतली सर्वांत सर्रास चूक; भिंतही उजळते आणि तिच्यावर डोक्याची सावलीही पडते.

४. दिवा कुठे, पुठ्ठा कुठे

माणसाला स्टुलावर बसवा. खुर्चीत तो मागे रेलतो आणि मान खांद्यांत जाते. दिवा आधी बरोबर समोर, डोक्याच्या वर हातभर उंचीवर ठेवा. मग हळूहळू एका बाजूला न्या आणि नाकाच्या सावलीकडे पाहत राहा. सुरुवातीला ती नाकाखाली असते. दिवा बाजूला जाऊ लागला की ती ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने सरकते. बहुतेक चेहऱ्यांना इथेच थांबलेलं बरं दिसतं. आणखी पुढे नेलात तर नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा प्रकाश दिसतो, म्हणून फोटोग्राफर या मांडणीला त्याचंच नाव देतात. तिच्यात नाट्य आहे, पण बायोडेटासाठी ती कोणी मागत नाही.

दुसरी खूण डोळ्यांत. बुबुळाच्या वरच्या भागात दिव्याचं पांढरं प्रतिबिंब दिसायला हवं. ते नसेल तर डोळे निर्जीव वाटतात, आणि त्याचा अर्थ दिवा फार वर गेला आहे. थोडा खाली आणा. चष्मा असेल तर मात्र उलट. काचेवरून प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणून दिवा थोडा वर आणि बाजूला नेला की त्याची चकाकी लेन्सकडे न येता खाली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात आणि फोटोत ते कळतही नाही.

आता पुठ्ठा. दिव्याच्या विरुद्ध बाजूला, फोटोच्या चौकटीच्या अगदी बाहेर, पांढरा पुठ्ठा उभा धरा. दिव्याचा प्रकाश त्याच्यावरून परतून सावलीच्या गालावर येतो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याला फोटोवाले एक स्टॉप म्हणतात. उजळ गालापेक्षा सावलीच्या गालावर पाव पट प्रकाश असेल तर फरक दोन स्टॉपचा. पुठ्ठा जवळ आणून तो निम्मा केला तर एका स्टॉपचा. एक स्टॉपचा फरक सौम्य आणि प्रसन्न दिसतो, दोनचा गंभीर. वय झालेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याला सौम्य करायचं असेल तर दिवा समोरच्या बाजूला आणा, पडदा मोठा करा आणि एक पुठ्ठा मांडीवरही आडवा ठेवा. हनुवटीखालच्या आणि डोळ्यांखालच्या सावल्या खालून भरून निघतात. पण प्रत्येक आजोबांना सुरकुत्या नकोच असतात असं धरून चालू नये. विचारावं.

काळ्या कापडाचं काम पुठ्ठ्याच्या उलट. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत प्रकाश सगळीकडून परतत राहतो आणि गोल चेहरा आणखी गोल वाटतो. सावलीच्या बाजूला काळं कापड धरलं की तो परतणारा प्रकाश अडतो आणि गालाची रेषा ठळक होते.

५. कॅमेऱ्याबद्दल थोडंसं

मोबाइलमधला ‘ब्युटी’ मोड आधी बंद करा. तो तुमच्या नकळत सगळा चेहरा पुसतो आणि पुसलेलं परत आणता येत नाही.

मग अंतर. नाकाचा शेंडा कानांपेक्षा कॅमेऱ्याला साधारण १२ सेंटिमीटर जवळ असतो असं धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर. म्हणजे नाक त्याच्या प्रमाणापेक्षा ४० टक्के मोठं दिसणार. कॅमेरा २ मीटरवर नेला तर २०० आणि २१२, फरक फक्त ६ टक्के. सेल्फीत नाक फुगलेलं दिसतं ते एवढ्यामुळेच. दीड-दोन मीटर मागे जा आणि दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दोष विजेचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे जातात.

आणि उजेडाचा अंदाज. चौकटीतलं सगळं मिळून सरासरी मध्यम करड्या छटेचं यावं, हा कॅमेऱ्याचा मूळ हिशेब. पांढरा फेटा, पांढरा सदरा आणि मागे पांढरी भिंत असेल तर तो सगळंच गडद करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड त्याच्यापुरता वाढवावा. सावळ्या त्वचेबद्दल अजून एक. तिची घडण बरीचशी चकाकीतून दिसते: कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेवर दिव्याचं जे मंद प्रतिबिंब पडतं त्यातून. म्हणून वॅट वाढवण्यापेक्षा पडदा मोठा करावा. चकाकी पसरट आणि सुंदर होते. लहान दिव्याची चकाकी पांढरा ठिपका होऊन बसते. पूर्ण पांढऱ्या झालेल्या ठिपक्यात त्वचेची कुठलीच माहिती नोंदलेली नसते, रिटचिंग तरी तिथून काय काढणार? तेलकटपणा टिश्यू पेपरने टिपून घ्यावा.

६. निगेटिव्हवरची पेन्सिल

फोटो ‘बनवण्याची’ खोड संगणकाने लावली, हा समज चुकीचा आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्स्टेंगल या फोटोग्राफरने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेल्या निगेटिव्हची छायाचित्रं मांडली आणि लोक चकित झाले, असं छायाचित्रणाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्या काळी याची गरजही होती. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह मुख्यतः निळा प्रकाश टिपायच्या, तांबडा त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे गालावरची लाली, मुरमं, वांग सगळं प्रत्यक्षापेक्षा कितीतरी काळं उमटायचं. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्यं मिसळून हिरवा प्रकाशही टिपता येतो हे दाखवलं. तांबड्याची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

काम चालायचं पेन्सिलीने. फोटोत काळी दिसणारी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक असते, कारण निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. ती पारदर्शक रेघ बारीक टोकाच्या पेन्सिलीने भरली की छापताना तिथून कमी प्रकाश जातो आणि कागदावर ती जागा उजळ येते. गुळगुळीत निगेटिव्हवर पेन्सिल घसरू नये म्हणून आधी खास रोगण लावायचं. उलट, फार उजळ जागा गडद करायची तर धारदार पात्याने निगेटिव्ह हलकेच खरवडायची. चूक झाली तर मूळ गेलं, म्हणून हात जपून चालायचा. आज मूळ सुरक्षित असतं, आणि बहुधा म्हणूनच हात मोकाट सुटतात.

७. काय काढायचं आणि कशाने

एक जुना व्यवहारी नियम मला पटतो: पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसेल तेवढंच काढायचं. मुरूम, दाढी करताना लागलेला ओरखडा, शर्टावरचा धागा, कपाळावर आलेली चुकार बट. तीळ, लहानपणची खूण, नाकाचा बाक राहू द्यायचा. त्वचेचा रंग उजळून ‘गोरं करून देणं’ ही आपल्याकडच्या कित्येक स्टुडिओंची न मागता दिलेली सेवा मला साफ नामंजूर आहे. ज्याचा फोटो आहे त्याला त्यातून तू आहेस तसा चालत नाहीस, एवढंच कळतं. पासपोर्टच्या फोटोत तर चेहऱ्यावर कुठलाही फेरफार चालत नाही.

साधनं फुकट मिळतात. संगणकावर जिम्प, मोबाइलवर स्नॅपसीड. दोन्हींत ‘हीलिंग’ नावाचं हत्यार आहे. साधा ‘क्लोन’ ब्रश एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवतो, म्हणून ठिगळ दिसतं. हीलिंग त्या तुकड्यातली त्वचेची वीण घेतं, पण रंग-उजेड नव्या जागेच्या आसपासचा धरतं. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा ठेवावा आणि एकेक डाग टिपावा, फरफटत नेऊ नये.

किती काढायचं हे छपाईच्या मापावरून ठरवावं. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. चार बाय सहा इंची प्रतीला इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने लागतात १८०० बाय १२००. म्हणजे आखूड बाजूचे अडीच ठिपके मिळून छापात एक होणार. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं पाच ठिपक्यांचं रंध्र कागदावर दोन ठिपक्यांचं उरेल. त्याच्यामागे तासभर घालवून उपयोग काय? दर थोड्या वेळाने फोटो लहान करून पाहा. तेव्हा नजरेला जे खुपेल तेच खरं काम.

८. सावली उचलणं

रंगाच्या खुणा हीलिंगने गेल्या. उरल्या सावलीच्या खुणा: डोळ्यांखालची पिशवी, नाकापासून ओठापर्यंतची घडी. या पुसल्या तर चेहरा मेणाचा होतो. त्या पुसायच्या नाहीत, थोड्या उजळायच्या. डार्करूममध्ये याला डॉज म्हणत आणि गडद करण्याला बर्न. नावं तीच राहिली आहेत.

जिम्पमध्ये फोटोच्या वर एक नवा थर घ्या, तो मध्यम करड्या रंगाने भरा आणि थराचा मोड ‘सॉफ्ट लाइट’ करा. काहीच बदललेलं दिसणार नाही, कारण या मोडमध्ये मध्यम करडा तटस्थ असतो. आता मऊ कडेचा पांढरा ब्रश पाच-दहा टक्के तीव्रतेवर ठेवून घडीच्या सावलीवर हलके हात फिरवा. सावली थोडी उचलली जाईल. काळा ब्रश उलट काम करील. खालचा मूळ फोटो अबाधित असतो आणि पटलं नाही तर थर काढून टाकता येतो. झालं असं वाटलं की त्या थराची तीव्रता निम्म्यावर आणा. बहुतेक वेळा तेच योग्य असतं, कारण काम करता करता डोळा सरावतो आणि आपण पुढे गेलेलो असतो. डोळ्यांचं पांढरं आणि दात यांना याहूनही कमी हात लावावा.

स्नॅपसीडमध्येही ब्रशखाली डॉज-बर्न आहे. पण बोटाने काम करताना बोटच डाग झाकतं. एखादा स्वस्तातला स्टायलस त्यापेक्षा बरा.

९. छापायला देताना

मोबाइलचा पडदा स्वतः उजळलेला असतो, कागद नसतो. त्यामुळे पडद्यावर नेमका दिसणारा फोटो छापल्यावर काळपट वाटतो. पडद्याची प्रखरता निम्म्यावर आणून फोटो पाहा आणि त्या उजेडात चेहरा थोडा उजळ करा. मोठी प्रत काढण्याआधी चार बाय सहाची एक छापून घ्या, आणि ती दुकानातल्या ट्यूबखाली न तपासता बाहेर उजेडात येऊन बघा. भिंतीवर लावायची असेल तर मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर समोरची खिडकी दिसत राहते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबून लहान होते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लॅबवाल्याला ‘करेक्शन करू नका’ असं आवर्जून सांगा. कित्येक लॅबमध्ये छपाईआधी रंग आणि उजेड सरसकट बदलले जातात, आणि पुठ्ठा इंच इंच सरकवून मिळवलेली गालावरची ती एका स्टॉपची सावली तिथे एका बटणासरशी सपाट होते.